मुकुटाचे चिन्ह असलेले जर्मन बक्कल: काळ कोणता, आणि ते घासावे का?

प्रश्न

माझ्या संग्रहात नुकतेच एक लष्करी बक्कल आले आहे. चौकोनी पितळी पत्र्याच्या मध्यभागी पांढरट धातूची गोल चकती असून तिच्यावर मुकुट आणि ‘गॉट मिट उन्स’ ही अक्षरे आहेत. विक्रेत्याने ते दुसऱ्या महायुद्धातले असल्याचे सांगितले. मागे चामड्याचा तुकडा शिल्लक आहे आणि त्याच्या कडेला हिरवट, मेणासारखा थर साचला आहे. याचा काळ कोणता समजावा, आणि ते पॉलिश करावे का?

प्रतिसाद १

विक्रेत्याची गल्लत नेहमीची आहे, कारण ‘देव आमच्यासोबत आहे’ या अर्थाचे हे बोधवाक्य दोन्ही महायुद्धांतील बक्कलांवर आढळते. मात्र मुकुट हे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजसत्तेचे चिन्ह आहे. ती १९१८ मध्ये संपली आणि हिटलरच्या भूसेनेच्या बक्कलावर त्या जागी गरुड व स्वस्तिक आले. पितळी पत्र्यावर वेगळी चकती बसवण्याचा नमुना प्रशियाने १८४७ मध्ये स्वीकारला. पहिल्या महायुद्धात पितळ दुर्मीळ झाल्यावर, १९१५ पासून, पोलादी पत्र्यातच चिन्ह उठवून वर राखाडी रंग देऊ लागले. त्यामुळे आपले बक्कल त्याआधीच्या धाटणीचे आहे, अर्थात ते अस्सल असेल तर. जर्मनी १८७१ मध्ये एक झाला तरी त्यातील बव्हेरिया राज्याच्या बक्कलावर ‘इन ट्रॉय फेस्ट’ (निष्ठेत अढळ) आणि सॅक्सनी राज्याच्या बक्कलावर ‘प्रोविडेन्तिए मेमोर’ (दैवी कृपेचे स्मरण ठेवणारा) अशी स्वतंत्र वाक्ये राहिली; मला स्वतःला हीच विविधता अधिक मोहात पाडते.

प्रतिसाद २

अस्सलपणा पुढून नव्हे, मागून तपासावा. ठशाने उठवलेल्या पत्र्याच्या मागे पुढच्या उठावाचा खोलगट ठसा दिसतो, तर ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, बारीक छिद्रांची आणि बोथट कडांची असते. अस्सल वस्तूवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू थंड होताना आकसल्यामुळे किंचित लहान भरते, म्हणून खात्रीच्या नमुन्याशी मापे ताडून पाहावीत. चकती खरोखर वेगळी बसवलेली आहे की एकाच तुकड्यावर पांढरा मुलामा चढवला आहे, हे भिंगाखाली कळते. लोहचुंबक चिकटला तर पत्रा पितळेचा नाही, एवढेच सिद्ध होते. तो न चिकटल्याने वस्तू जुनी ठरत नाही.

प्रतिसाद ३

पॉलिश कृपया लावू नका. शतकभरात चढलेली काळपट झाक एकदा घासून काढली की परत येत नाही, आणि अक्षरांच्या कडाही झिजतात. तो हिरवा थर म्हणजे चामड्यातील तेलाचा तांब्याशी झालेला संयोग होय. तो लाकडी काडीने हळुवार खरवडून काढावा. मात्र भुकटीसारखी फिकट हिरवी ठिपक्यांची लागण पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर ते क्षारामुळे होणारे गंजणे असते, आणि मग वस्तू कोरड्या जागी ठेवणे भागच असते. पीव्हीसीच्या पाकिटात किंवा ओकच्या खणात बक्कल ठेवू नये, कारण दोन्हींतून आम्लयुक्त वाफा सुटतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. लोहचुंबक चिकटला नाही, आणि भिंगाखाली चकतीच्या कडेने डाख दिल्याची रेषा स्पष्ट दिसली. मेणचट थर काडीने सहज निघाला. त्याखाली चामड्यावर पुसट ठसा आहे, मात्र त्यातले वर्ष १९१० आहे की १९१६, हे अजून लागत नाही. तिरप्या उजेडात छायाचित्र काढून येथे जोडतो.