तिसरा माणूस आला की पैशाचा प्रश्न मरतो

रंकाळाकाठ
प्रेमकथेत गरीब-श्रीमंत संघर्षही मांडायचा आणि वर प्रेमाचा त्रिकोणही ठेवायचा, हे एकत्र जमत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरण आपल्या कोल्हापुरातलंच धरू. पोरीचं मन उद्यमनगरातल्या फाउंड्री कामगारावर, घरच्यांनी आणलेलं स्थळ गुजरीतल्या सराफाचं. वाचक कामगाराच्या बाजूनं राहावा म्हणून लेखक सराफाच्या मुलाला व्यसनी, बाहेरख्याली करतो. तिथंच विषय संपला. पोरीनं श्रीमंती नाकारलीच नाही, तिनं वाईट माणूस नाकारला. मग शेवटाकडं बाप विरघळतो किंवा कामगाराला अचानक भागीदारी मिळते. घरभाडं, कर्ज, आईचं औषधपाणी कुठं गेलं ते कुणी विचारत नाही. मोबाइलवर रोज एक भाग येणाऱ्या कथांत हे सर्रास चालतं.

शाहूपुरी_वाचक
दादा, हा दोष बांधणीचा आहे. त्रिकोणाला कशाला धरता? एमिली ब्राँटीची ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) ही इंग्रजी कादंबरी बघा. श्रीमंत एडगर लिंटन सभ्य, मवाळ, बायकोवर जीव टाकणारा. लेखिकेनं त्याला खलनायक केलेलं नाही, म्हणूनच घरात वाढलेल्या अनाथ हीथक्लिफवर जीव असूनही एडगरशी लग्न करायचा कॅथरीनचा निर्णय बोचतो. नवव्या प्रकरणात ती घरातल्या मोलकरणीला, नेलीला, सांगते की हीथक्लिफशी लग्न केलं तर आपली पायरी उतरेल. हीथक्लिफ तेवढंच ऐकतो आणि निघून जातो. त्याच्यावरच्या प्रेमाचं ती पुढं जे बोलते ते त्याच्या कानावर पडतच नाही. आणि तिचा हिशेबही साधा नाही: लिंटनच्या पैशानं हीथक्लिफला आपल्या भावाच्या जाचातून सोडवायचं. इथं प्रेम आणि पैसा वेगळे काढताच येत नाहीत.

लिहिणाऱ्यांनी एक करून बघावं. दोन्ही पुरुषांच्या परिस्थितीची अदलाबदल करा, कामगाराला पेढीवर बसवा आणि सराफाच्या मुलाला भट्टीवरची रात्रपाळी द्या. मग पहिली भेट, मागणी आणि निर्णय हे तीन प्रसंग पुन्हा वाचा. काहीच बदलावं लागलं नाही, तर तुमची गरिबी फक्त कपड्यांत आहे. बदल करायचा तर आधी श्रीमंत माणूस चांगला करा. नंतर निर्णयाची किंमत आकड्यांत ठरवा: तिचा पगार, खोलीचं भाडं, धाकट्या भावाची फी. ते आकडे निर्णयाच्या आधी दोन-तीनदा सहज येऊन जाऊ द्यात. ऐन प्रसंगात पहिल्यांदा सांगितले तर भाषण वाटतं.

खासबाग४१६
सगळा हिशेब पैशावर नेऊ नका. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’मध्ये (१९१७) देवदासचे मुखर्जी आणि पार्वतीचे चक्रवर्ती दोघंही ब्राह्मण. आडवं काय येतं? पार्वतीचं घराणं मुलगी देताना पैसे घेणारं, शिवाय घर शेजारचंच. एकाच जातीत पायऱ्या. आपल्याकडंही लग्नं नुसत्या पगारावर अडत नाहीत, पण मराठी प्रेमकथा जातीचं नाव घ्यायला कचरते आणि ‘गरीब घरचा’ म्हणून मोकळी होते. त्रिकोणाबाबत मात्र मी रंकाळाकाठ यांच्या बाजूचा. नायकीण चंद्रमुखी येईपर्यंत प्रश्न मुखर्जी घराण्याच्या ताठ्याचा असतो, नंतर तो दारूचा आणि पश्चात्तापाचा होतो.

मंगळवारपेठ
मग ‘ययाती’चं काय करायचं? वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिले, आणि १९५९च्या या कादंबरीत त्यांनी त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना ‘मी’ म्हणून बोलायला लावलं: राजा ययाती, त्याची राणी देवयानी आणि शर्मिष्ठा. शर्मिष्ठा दासी आहे, पण तिच्याबद्दल दुसरं कुणी बोलत नाही, ती स्वतः बोलते. दासीपण तिनं आपल्या कुळासाठी पत्करलंय, आणि तिची मालकीण देवयानीच तिच्या प्रेमाची वाटेकरी. त्रिकोण काढला तर हा पेच उरेल का? मालकिणीचा जाच आणि सवतीचा मत्सर एकाच बाईच्या तोंडून येतो, त्यात वर्ग कुठं संपतो आणि प्रेम कुठं सुरू होतं ते दाखवून द्या.

रंकाळाकाठ
मुद्दा जोरदार आहे, तरी पटत नाही. शर्मिष्ठा जन्मानं राजकन्या, वृषपर्व्याची मुलगी. वाचकाला तिची दया येते ती उंचावरून खाली आली म्हणून. त्याच कादंबरीत जन्माची दासी कोण? कलिका दासीची मुलगी, सोनेरी केसांची अलका. ययाती तिच्यावर भाळतो आणि राजमाता तिला विष देववते. तिला ‘मी’ म्हणून एक पानही मिळत नाही. ज्या मुलीच्या जिवावर वर्गाचा खरा घाव पडला ती त्रिकोण सुरू व्हायच्या आधीच कथेबाहेर गेली.

शाहूपुरी_वाचक
हे मान्य, पण यावरून त्रिकोण टाकायचा असं ठरत नाही, टोकं कुणाला दिली ते बघायचं असं ठरतं. अलका जिवंत ठेवून तिला निवेदन दिलं असतं, तर ययातीचं वागणं वाचकाला पहिल्या भागातच खटकलं असतं, आणि पुढं त्याच्या तोंडून येणाऱ्या पश्चात्तापाला एवढी सहानुभूती मिळाली नसती. अशी कादंबरी आज कुणी लिहायला घ्यावी.

मंगळवारपेठ
घ्यावी, पण देवयानीला कमी लेखून नको. ती दुष्ट झाली की पुन्हा सराफाच्या मुलाचीच गत.