प्रतिसाद: फाटक, रिक्षा आणि रेल्वे

वर दादांनी लिहिलंय, की रिक्षा रुळात बंद पडली तर हॉर्न वाजवत राहायचा, मोटरमन थांबवतो. नाही हो थांबवू शकत. शंभरच्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं. आधी उतरा, माणसं लांब करा, मग गेटमनला सांगा.

आणि लांब म्हणजे खरंच लांब. ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद रुळमार्गावर, दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, डबा मात्र सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे तो रुळाबाहेर दोन्हीकडे पाऊण मीटरच्या आसपास येतो. सोलापूरजवळ होटगीच्या बाजूला एका फाटकात मी रिक्षा पाहिली होती, पुढचं चाक रुळाच्या अलीकडेच. रिक्षावाला म्हणत होता, 'रूळ कुठं लागलाय बे?' पोरांनी मागं ओढली म्हणून वाचला.

आणि धडक बसलीच तर काय होतं तेही बघा. कारमध्ये चालक उजवीकडे. उजवीकडून धडक बसली तर दार थेट बरगड्यांवर, यकृतावर आणि कमरेच्या हाडावर येतं. रिक्षात तर दारच नाही, पट्टा नाही. माणूस बाहेर फेकला जातो, डोक्याला आणि मानेला मार लागतो. अशा जखमीला हात धरून ओढू नका. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर मान स्थिर ठेवून १०८ ची वाट बघा.

ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं २०१९ च्या सुरुवातीला संपली म्हणतात, ते खरं. पण दांडा खाली येताना खालून घुसणाऱ्याला गेटमन असून काय उपयोग?