शब्दचर्चा : शाकिरा 'स्पॅनिश गायिका' की 'लॅटिन गायिका'?

प्रश्न : संगीतावरील एका लेखाचे संपादन करताना 'स्पॅनिश गायिका शकिरा' असा उल्लेख समोर आला. ती मूळची कोलंबियाची असल्यामुळे मी 'स्पॅनिश' खोडून 'लॅटिन' केले. लेखकाला ते पटले नाही. ती स्पॅनिश भाषेत गाते, म्हणून ती स्पॅनिश गायिका, असे त्यांचे म्हणणे. या दोन्हींपैकी योग्य विशेषण कोणते? शिवाय नाव शकिरा, शकीरा की शाकिरा असे लिहावे, यावरही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : आपण 'स्पॅनिश' खोडलेत हे योग्यच झाले, परंतु त्या जागी जो शब्द घातलात तोही तितकासा नेमका नाही. 'कोलंबियन गायिका' एवढे म्हटले की काम भागते, आणि भाषेचा उल्लेख आवश्यक असेल तर 'स्पॅनिशभाषी गायिका' हा सरळ शब्द मराठीत उपलब्ध आहे.

लेखकाची चूक मराठीच्याच सवयीतून आली आहे. 'कानडी लेखक', 'बंगाली गायिका' असे म्हणताना आपण भाषा आणि माणूस एकाच विशेषणात बसवतो आणि त्यात काही बिघडत नाही, कारण ही विशेषणे कोणत्याही राष्ट्राचे नागरिकत्व सांगत नाहीत. बांगलादेशातील गायिकेलाही आपण निःशंकपणे बंगाली म्हणू शकतो. 'फ्रेंच', 'पोर्तुगीज', 'स्पॅनिश' हे शब्द मात्र मराठीत त्या त्या राष्ट्रांबरोबर आले, त्यामुळे ते माणसाला लागले की प्रथम राष्ट्रीयत्व सांगतात. पोर्तुगीज उत्तम बोलणारा गोवेकर त्यामुळे पोर्तुगीज ठरत नाही, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. तोच न्याय अटलांटिकच्या पलीकडे लावायचा एवढेच.

खुद्द त्या भाषेत काय म्हणतात, हेही पाहण्यासारखे आहे. शाकिराला कोणी 'एस्पान्योला' म्हटले तर ऐकणारा तिला स्पेनची समजेल. तिच्यासाठी शब्द आहे तो 'कोलोंबियाना'. भाषेच्या नावाबाबतही अशीच सावधगिरी दिसते. कोलंबियाच्या १९९१ च्या राज्यघटनेतील दहाव्या कलमात राजभाषा म्हणून 'कास्तेयानो', म्हणजे स्पेनमधील कास्तील प्रांताची भाषा, असा उल्लेख आहे. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेनेही राज्याच्या अधिकृत भाषेला 'कास्तेयानो'च म्हटले आहे, कारण कातालान, बास्क, गालिसियन याही त्या राज्यघटनेच्या दृष्टीने स्पॅनिश भाषाच आहेत. ज्या भाषेच्या नावाविषयी तिचे स्वतःचे भाषक इतके चोखंदळ आहेत, तिचे नाव एका अख्ख्या खंडातील माणसांना चिकटवणे बरे नव्हे.

'ला तोर्तुरा' हे २००५ मधील गाणे या संदर्भात ध्यानात ठेवावे. ते शाकिरा आणि आलेहान्द्रो सान्स या दोघांनी गायले आहे आणि दोघेही त्यात स्पॅनिशमध्येच गातात. सान्स माद्रिदचा, म्हणून तो स्पॅनिश गायक. शाकिरा कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची. हे गाणे अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या लॅटिन गाण्यांच्या यादीत २५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याविषयी लिहिताना 'दोन स्पॅनिश गायकांचे युगुलगीत' असे म्हटले, तर महासागराच्या दोन काठांवरचे दोन आवाज एकत्र आले होते ही गोष्टच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

तिच्या चरित्राकडे पाहिले तर विशेषण जपून का वापरावे, हे अधिकच स्पष्ट होते. तिचा जन्म २ फेब्रुवारी १९७७ रोजी बारांकिया येथे झाला. हे माग्दालेना नदीच्या मुखाजवळचे बंदर आहे आणि तिथल्या कार्निव्हलला युनेस्कोची मान्यता लाभलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात लेबनॉन, सीरिया आणि पॅलेस्टाइनमधील लोक येऊन स्थायिक झाले. त्यांचा मूळ प्रदेश त्या काळी उस्मानी साम्राज्यात मोडत असल्यामुळे त्यांच्याजवळ तुर्की कागदपत्रे असत. त्यामुळे अरबी बोलणाऱ्या आणि बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या या लोकांना तिकडे सरसकट 'तुर्को' हे नाव पडले. (एकनाथांच्या भारुडातला 'तुर्क'ही मुसलमान या अर्थाने येतो, त्याचा तुर्कस्तानशी संबंध असेलच असे नाही. परक्याला जवळचे लेबल लावण्याची ही खोड सार्वत्रिक दिसते.) शाकिराचे वडील अशाच लेबनीज कुळातले, जन्माने न्यू यॉर्कचे, तर आईचे 'रिपोल' हे आडनाव कातालान वळणाचे.

शाळेच्या वृंदगानात तिला घेतले नव्हते, कारण तिचा कंप असलेला आवाज इतर मुलांच्या आवाजात मिसळत नसे आणि वर्गातली मुले त्याला शेळीचा आवाज म्हणत. हे तिने स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे. पुढे तोच कंप तिची ओळख ठरला. 'माहिया' (१९९१) आणि 'पेलिग्रो' (१९९३) हे पहिले दोन अल्बम चालले नाहीत. 'पिएस देस्काल्सोस', म्हणजे 'अनवाणी पाय', या १९९५ च्या अल्बमने मात्र तिला कोलंबियाबाहेर नेले, आणि याच नावाची तिची संस्था आज कोलंबियात शाळा उभारते. १९९८ च्या अल्बमचे नाव 'चोर कुठे आहेत?' अशा अर्थाचे आहे. बोगोताच्या विमानतळावर तिचे सामान चोरीला गेले आणि त्यात नव्या गाण्यांचे लिखाणही गेले, त्यावरून हे नाव आले. याच अल्बममधील 'ओहोस आसी' या गाण्यात अरबी ओळी आहेत. म्हणजे ज्या गाण्यासाठी तिला पुढे लॅटिन ग्रॅमी मिळाले, ते गाणेही निव्वळ स्पॅनिश नव्हते.

मराठी श्रोत्यांपैकी बहुतेकांनी तिला प्रथम ऐकले ते २००१ च्या अल्बममधील इंग्रजी गाण्यांमधून. २००६ मध्ये 'हिप्स डोंट लाय' हे गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात या गाण्याचे हिंदी चित्रपटाच्या धर्तीवरचे जे सादरीकरण झाले, त्याचे नृत्यदिग्दर्शन फराह खान यांनी केले होते, आणि २००७ च्या मार्चमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर तिचा कार्यक्रमही झाला. ज्या गायिकेची इंग्रजी गाणीच आपल्याकडे वाजली, तिला आपणच 'स्पॅनिश गायिका' म्हणावे, हे जरा गमतीचे आहे.

शंका : परंतु ती अनेक वर्षे बार्सिलोनात राहत होती. त्या अर्थाने तिला स्पॅनिश म्हणता येणार नाही का?

उत्तर : वास्तव्यामुळे माणूस त्या देशाचा 'निवासी' ठरतो, आणि हा शब्द तिच्या बाबतीत कोर्टापर्यंत गेलेला आहे. २०१२ ते २०१४ या वर्षांत ती स्पेनची कर-निवासी होती की नाही, हाच तिच्यावरील करचुकवेगिरीच्या खटल्यातील मुख्य वाद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने आरोप मान्य करून सरकारी पक्षाशी तडजोड केली आणि मोठा दंड भरण्याचे स्वीकारले. त्याच वर्षी ती बार्सिलोना सोडून मायामीला राहायला गेली. करखात्याच्या दृष्टीने ती कुठली, हा एक प्रश्न आणि गायिका म्हणून ती कुठली, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर घर बदलल्याने बदलत नाही.

आक्षेप : 'लॅटिन' या शब्दाला आपला एवढा विरोध का असावा? 'लॅटिन ग्रॅमी', 'लॅटिन पॉप' हे शब्द जगभर रूढ आहेत आणि वृत्तपत्रांतूनही सर्रास छापले जातात.

उत्तर : विरोध शब्दाला नसून तो माणसाच्या आधी लावण्याला आहे. मराठीत 'लॅटिन' म्हटले की ती प्राचीन रोमची भाषा, हा अर्थ आधी मनात येतो, आणि 'लॅटिन गायिका' वाचून एखाद्याला ती चर्चमधील जुनी स्तोत्रे गाते असे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. प्रदेश अभिप्रेत असेल तर 'लॅटिन अमेरिकी' असे पूर्ण लिहावे. 'लॅटिन अमेरिका' हे नाव १८५० च्या दशकात पुढे आले आणि ते रूढ करणाऱ्यांत होसे मारिया तोर्रेस काइसेदो हा कोलंबियनच होता, त्यामुळे त्या संज्ञेत परकेपणा मुळीच नाही.

'लॅटिन पॉप', 'लॅटिन ग्रॅमी' या मात्र संगीतव्यवसायाच्या संज्ञा आहेत. लॅटिन ग्रॅमी २००० साली सुरू झाले. त्याच्या पहिल्याच सोहळ्यात शाकिराला दोन पुरस्कार मिळाले, एक पॉप गायनासाठी आणि दुसरा रॉक गायनासाठी. हा पुरस्कार गायकाचा देश बघत नाही. गाणे प्रामुख्याने स्पॅनिश किंवा पोर्तुगीज भाषेत आहे की नाही, हे तिथे पाहिले जाते, आणि म्हणूनच माद्रिदचा सान्स, कातालोनियाची रोसालिया आणि बारांकियाची शाकिरा एकाच व्यासपीठावर येतात. २०२३ मध्ये हा सोहळा प्रथमच अमेरिकेबाहेर, स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला आणि बिसाराप या अर्जेंटिनाच्या निर्मात्याबरोबर केलेल्या गाण्याला तिथे वर्षातील सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला. अशा संदर्भात 'लॅटिन' हा शब्द जसाच्या तसा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

या छत्रीखाली किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हेही पाहावे. २००१ च्या तिच्या 'व्हेनेव्हर, व्हेअरएव्हर' या गाजलेल्या गाण्यात बासरीसारखे जे वाद्य ऐकू येते, ते अँडीज पर्वतातील लोकांचे, आणि गायिका मात्र किनाऱ्यावरची. कोलंबियात किनारा आणि डोंगर यांच्या बोलीपासून नाचापर्यंत सगळ्यात फरक आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मायामीतील सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात ती जे नाचली त्यात 'चांपेता' होता, आणि हा नाच कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांतून आलेला आहे. त्याला 'लॅटिन नृत्य' म्हणणे म्हणजे लावणीला 'दक्षिण आशियाई नृत्य' म्हणण्यासारखे आहे. विधान खोटे नाही, पण त्यातून वाचकाच्या पदरात काही पडत नाही.

शंका : तिच्याविषयीच्या लेखांत 'क्रॉसओव्हर' हा शब्द वारंवार येतो. त्याला मराठी प्रतिशब्द सुचवावा.

उत्तर : 'भाषांतर' होत नाही आणि 'स्थित्यंतर' फार जड होतो. व्यवसायातील संज्ञा म्हणून 'क्रॉसओव्हर' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'इंग्रजी बाजारपेठेतील प्रवेश' असा खुलासा करावा. तिच्या बाबतीत हा प्रवेश कसा झाला, हे सांगितले की शब्द आपोआप उलगडतो. एमिलियो आणि ग्लोरिया एस्तेफान या मायामीतील जोडप्याचे पाठबळ तिला होते. इंग्रजीत गाणी करावीत यासाठी ग्लोरियाने तिला प्रोत्साहन दिले आणि काही रचनांत साहाय्यही केले. शाकिराने इतरांकडून गाणी लिहून घेण्याऐवजी इंग्रजी शिकून स्वतः लिहिण्याचा मार्ग धरला. त्यामुळे एकाच चालीची दोन गाणी झाली. इंग्रजी गाण्याचे शीर्षक 'व्हेनेव्हर, व्हेअरएव्हर', म्हणजे 'केव्हाही, कुठेही', तर स्पॅनिश गाण्याचे शीर्षक 'सुएर्ते', म्हणजे 'नशीब'. त्यापुढच्या अल्बमच्या वेळी तर २००५ या एकाच वर्षात एक स्पॅनिश आणि एक इंग्रजी असे दोन स्वतंत्र भाग निघाले. माझ्या मते या शब्दाचा खरा काळ तेवढाच होता. २०२३ चे बिसारापबरोबरचे गाणे संपूर्ण स्पॅनिशमध्ये असूनही बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या दहात गेले, तेव्हा त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण ती कुठे ओलांडून गेलीच नव्हती, श्रोतेच तिच्याकडे आले होते.

आता नावाविषयी. हे अरबी नाव आहे आणि त्याचा अर्थ 'कृतज्ञ स्त्री' असा आहे. ज्या धातूपासून 'शुक्रिया' आला त्याच धातूचे हे कर्तृवाचक रूप आहे (शुक्रवारातल्या 'शुक्रा'चा यात काही हात नाही, तो संस्कृतातला). मराठीत रुळलेले 'गाफील', 'जालीम' आणि 'सामील' हे शब्द याच साच्यातले आहेत, आणि त्या सर्वांत पहिले अक्षर आकारान्त आहे. पुल्लिंगी रूप 'शाकीर', त्यावरून स्त्रीलिंगी 'शाकिरा'. स्पॅनिश उच्चारातही पहिला स्वर 'अ' नसून 'आ' आहे. राहिला प्रश्न 'कि' की 'की' याचा. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही आणि आघात 'कि'वर असल्यामुळे कानाला तो थोडा लांबल्यासारखा वाटतो. परंतु शेवटचे अक्षर दीर्घ असताना उपान्त्य इकार ऱ्हस्व लिहिण्याच्या मराठीच्या प्रथेला धरून 'शाकिरा' हेच लेखन मला सर्वांत सोयीचे वाटते. 'शकिरा' वृत्तपत्रांनी इतके रूढ केले आहे की ते चूक म्हणवत नाही, पण निवड करायचीच असेल तर काना द्यावा.

आपल्या लेखाला नामसूची जोडायची असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. तिचे पूर्ण नाव शाकिरा इसाबेल मेबाराक रिपोल. मराठी रीतीप्रमाणे शेवटचा शब्द आडनाव समजून तिला 'र' खाली टाकण्याचा मोह होतो, परंतु स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचे आडनाव येते आणि मग आईचे. म्हणून सूचीत ती 'म' खाली, 'मेबाराक रिपोल, शाकिरा' अशी जाईल. १९९९ मध्ये तिच्यावर लेख लिहिणाऱ्या गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्यावर मराठीत हा अन्याय नेहमीच होतो. त्यांना आपण नुसते 'मार्केझ' म्हणतो, म्हणजे केवळ आईच्या आडनावाने ओळखतो. त्यांची नोंद 'ग' खाली करावी.