मदत हवी आहे: पाचर कलमासाठी घडीचा चाकू कोणत्या रचनेचा घ्यावा?

नमस्कार. नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग असून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरिज जातीच्या खुंटांवरचे (मुळे देणाऱ्या रोपांवरचे) पाचर कलम, म्हणजे खुंटाला चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवणे, आम्ही घरचीच माणसे करतो. गेल्या हंगामात खुंटाच्या चिरेत अडकलेला घडीचा चाकू वर ओढताना पाते अचानक मिटले आणि माझ्या तर्जनीला चार टाके पडले. त्यामुळे या चाकूंची रचना नीट समजून घेतल्याशिवाय नवीन चाकू घ्यायचा नाही, असे ठरवले आहे.

जुना चाकू तपासल्यावर कारण उमगले. त्यात पाते अडवणारा खटका नाहीच. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि तेवढ्याच दाबावर पाते उघडे राहते. कापताना लाकडाचा रेटा धारेवर येतो, तोवर धोका नसतो. परंतु चिरेने पाते धरून ठेवले आणि आपण मूठ वर ओढली, की जोर उलटा पडून पाते मिटते.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूला 1955 पासून फिरवायची कडी आहे, ती पाते भक्कम अडवते. मात्र तो नखाच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी उघडावा लागतो, शिवाय लाकडी मूठ पावसात फुगली की पाते घट्ट बसते. आमच्या डाव्या हातात तासायची कलमकाडी असते, म्हणून एका हाताने उघडणारा चाकू हवा आहे. अंगठ्याने ढकलायची खुंटी असलेले चाकू पाहिले, पण ती खुंटी पात्याच्या बगलेतून बाहेर येत असल्याने खोल चीर देताना आड येईल असे वाटते. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने 1981 मध्ये आणलेल्या, अंगठा टेकवून पाते उघडायच्या गोल भोकात ही अडचण नाही.

मला सर्वांत पटलेली रचना फ्लिपरची आहे. पाते मिटलेले असताना त्याच्या बुडाचे टोक मुठीच्या पाठीवर बाहेर डोकावते. आतल्या लवचिक पट्टीवरची बारीक पोलादी गोळी पात्यातल्या छिद्रात बसलेली असते. बोटाने टोक दाबत गेल्यावर गोळी छिद्रातून निसटते, साठलेल्या जोराने पाते झटक्यात उघडते आणि तीच पट्टी बुडामागे सरकून पाते अडवते. स्प्रिंगची मदत नसतानाही हे घडते, हे विशेष.

शंका अशी आहे की, वेलीचा रस व माती त्या छिद्रात किंवा पट्टीच्या टोकाशी साचली, तर पट्टी अर्धवट बसून पाते पुन्हा मिटू शकते का? आणि अशा कामात बिजागरीला बेअरिंगऐवजी साधे पितळी वॉशर असलेला चाकू बरा पडेल का? ज्यांनी प्रत्यक्ष बागेत फ्लिपर वापरला आहे, त्यांनी तो दिवसातून किती वेळा पुसावा लागतो, हेही कृपया सांगावे.