रंगावर जाऊ नका

गाडीच्या हिरव्या कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) गुलाबी टॉप-अप चालेल का विचारलंय तुम्ही, तर नकोच, रंग म्हणजे नुसता डाय, प्रत्येक कंपनीचा वेगळा, आत ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेला नवा प्रकार) आहे की जुना सिलिकेटवाला ते मॅन्युअलमध्ये बघा, उगाच मिसळलं तर कधी चक्क गाळ होतो. मी एकदा केरीहून चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा लालवर गेला म्हणून गाडी थंड झाल्यावर कुणाच्या तरी विहिरीचं पाणी ओतलं आणि आळशीपणाने वर्षभर तशीच चालवली, फ्लश केला (जुनं काढून आतून धुतलं) तेव्हा कोऱ्या चहासारखं पाणी, गंज नुसता!

फ्लश घरी जमतो. इंजिन पूर्ण थंड (गरम असताना कॅप उघडायची नाही म्हणजे नाही), रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक (निचऱ्याचा नळ) सोडा, मग डिस्टिल्ड वॉटर भरून हीटर फुल गरमवर टाकून (म्हणजे हीटरमधलं जुनंही निघतं) गाडी चालू ठेवा, गोव्यात हीटर लावतो कोण म्हणून नेमका तोच विसरतो आपण. थंड करून परत काढा, स्वच्छ येईपर्यंत. आत थोडं पाणी उरतंच, त्यामुळे प्रीमिक्सपेक्षा (आधीच पाणी मिसळलेलं) कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्या म्हणजे कूलंट आणि पाणी ५०:५० जमवता येतं. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका हां, गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.