खासदाराचं काम नक्की कुठलं?
वर कुणीतरी लिहिलंय की गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं, खासदाराला चार फोन केले, काहीच झालं नाही. राग समजतो पण ते काम महापालिकेचं आहे हो, नगरसेवकाला धरा. खासदाराकडं रेल्वे, पासपोर्ट, पीएफ, पोस्ट, नॅशनल हायवे असली केंद्राची कामं घेऊन जायचं.

आमच्या शेजारच्या मावशी आयुष्यभर विड्या वळल्या, नावातल्या एका अक्षरामुळं पीएफची पेन्शन अडकलेली, दीड वर्ष हेलपाटे घातले, शेवटी खासदारांच्या ऑफिसातल्या पोरानं सगळे कागद नीट लावून पत्र दिलं आणि त्यानंतरच फाईल हलली, मावशी रडल्याच तेव्हा. हे काम पेपरात येत नाही पण माझ्या मते हेच सगळ्यात मोठं.

आणि ते खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी खासदाराच्या हातात येत नाहीत, तो फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून. त्यात सोलापूर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा, अक्कलकोटपासून पंढरपूरपर्यंत, सगळीकडं तेवढ्यातच भागवायचं. बार्शीकरांनो, तुमचा जिल्हा सोलापूर असला तरी खासदार धाराशिवचा, पत्र तिकडं द्या. जाताना अर्जाची झेरॉक्स आणि आधीच्या तक्रारीचा नंबर मात्र न्याच.