मिरची-टोमॅटोच्या रोपांची पानं कडेने करपतायत आणि शेंडा पिवळा पडतोय, खत कमी पडतंय की जास्त?

वाघोलीकर_गच्ची
नमस्कार मंडळी, गच्चीवर पाच लिटरच्या ग्रो बॅगांमध्ये ज्वाला मिरची आणि टोमॅटो लावलेत, रोपं साधारण महिन्याची आहेत. निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) देतो, एक लिटर पाण्यात एक चमचा, आणि शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून प्रत्येक बॅगेत डीएपीचे पाच-सहा दाणे पण खोचलेत. आता मिरचीच्या पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत झालीत, पान एकदम काळपट हिरवं आणि टोकाला खाली वळलेलं. दोन रोपांचे शेंडे मात्र पिवळे आहेत, त्यात शिरा हिरव्या राहिल्यात. टोमॅटोची सगळ्यात खालची दोन छोटी पानं पिवळी पडून गळाली. कोकोपीट ओलं असूनही दुपारी रोपं माना टाकतात. काय कमी पडतंय, काय देऊ? कृपया लवकर सांगा, या वेळी घरची मिरची खायचीच आहे.

निशा_परसबाग
शिरा हिरव्या आणि मधे पिवळं म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, चार-पाच दिवसांत फरक दिसेल, माझ्या गुलाबांना दरवेळी लागू पडतं.

रोपवाटिका_नारायणगाव
निशाताई, थांबा जरा. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात कारण झाड ते जुन्या पानातून काढून शेंड्याला पाठवतं. इथे पिवळेपणा शेंड्याला आहे, आणि लोह असं जुन्या पानातून हलत नाही, म्हणून लोह मिळेना की नवीन पान पिवळं निघतं. मी रोपं बघताना पहिलं हेच बघतो, जुनं पान की नवीन, आणि कडेला की शिरांच्या मधे. नत्र कमी असेल तर खालचं अख्खं पान शिरांसकट फिकट होतं आणि झाड खुरटं राहतं. पालाश (पोटॅश) कमी असेल तर जुन्या पानाची कड जळते, पण तेव्हा बाकीचं पान असं काळपट हिरवं नसतं.

दादा, तुमचं काळपट हिरवं पान, खाली वळलेलं टोक, त्यावर कुरकुरीत तपकिरी कड आणि ओल असून माना टाकणं, हे सगळं एकत्र आलं की खत जास्त झालंय, कमी नाही. मुळाभोवती क्षार जास्त झाले की मुळीला पाणी ओढता येत नाही, म्हणून कोकोपीट ओलं असून रोप तहानलेलं दिसतं. सपाट चमचा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. आम्ही प्रो-ट्रेमधल्या (रोपं तयार करायच्या खणांच्या ट्रेमधल्या) रोपांना लिटरला अर्धा ते एक ग्रॅम देतो, त्याच्या वर नाही. त्यात डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, ते शेतात पेरायचं खत आहे, एवढ्याशा बॅगेत दाणा विरघळतो तिथली पांढरी मुळी जळते आणि जादा स्फुरदामुळे लोह आणि जस्त पण अडकून बसतं.

टोमॅटोची गळाली ती पानं लांबट आणि बिनकातऱ्याची होती का? मग ती बीजदलं, ती जातातच, काळजी करू नका.

दोन गोष्टी सांगा, कोकोपीटवर किंवा बॅगेच्या कडेला पांढरी पापडी दिसते का, आणि पाणी कुठलं घालता?

वाघोलीकर_गच्ची
हो, टोमॅटोची ती लांबट पानंच होती. आणि हो, पांढरी पापडी आहे, मला बुरशी वाटली होती. पाणी सोसायटीचं बोअरचं आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८५० च्या आसपास. पण झाडांना आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी घालतो, बादलीत साठवून, तेवढीच पाण्याची बचत. आत्ता मीटर लावला तर ते १३०० दाखवतंय.

मृदा_परीक्षक
मग उलगडा झालाच की. आरओ चांगलं पाणी गाळून घेतो आणि त्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात एकवटतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, बचत तिथे पण होतेच, कोवळ्या रोपांना नको. कोकोपीटची वीट न धुता वापरली असेल तर त्यात सोडियम आणि पोटॅश मुळातच असतं, म्हणजे पाणी, वीट आणि खत तिन्हीकडून मीठ आलं. शेंड्याच्या पिवळेपणाचं म्हणाल तर बोअरचं पाणी कठीण असतं, त्याने सामू (पीएच) चढतो आणि लोह असूनही मुळीला मिळत नाही. लोहाचं चिलेटेड खत (लोह मुळीला घेता येईल असं बांधून ठेवणारं) नंतर लागलंच तर त्यातलं ईडीटीएवालं घेऊ नका, सामू चढलेला असला की ते टिकत नाही, ईडीडीएचए घ्या, त्याने पाणी लालभडक होतं.

रोपवाटिका_नारायणगाव
बरोबर बोललात. दादा, आता असं करा, आधी डीएपीचे दाणे सापडतील तेवढे काढा आणि वरची पापडी अर्धा इंच खरवडून टाका. मग सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येक बॅगेत दहा लिटर साधं बोअरचं पाणी हळूहळू, थांबत थांबत सोडा, खालून वाहून जाऊ द्या, आणि शेवटचा एक लिटर आरओचं चांगलं पाणी. खाली ताटली असेल तर काढा, नाहीतर निघालेलं मीठ परत वर चढतं. शेवटी खालून येणाऱ्या पाण्याला मीटर लावा, घातलेल्या पाण्याच्या जवळपास आकडा आला की पुरे. त्यानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल उतरेपर्यंत थेंबभर पाणी नको, ओल राहिली तर मर (रोप कोलमडवणारा बुरशीचा रोग) लागते. दुपारी दोन-चार दिवस सावली करा.

आठ-दहा दिवस कुठलंच खत नाही, एप्सम पण नाही, तेही मीठच आहे. गांडूळखत आहे तेवढं पुरतं. जळलेली कड परत हिरवी होणार नाही, ती पानं तोडूही नका, हिरवा भाग काम करतोय. नवीन निघणारं पान बघत राहा.

निशा_परसबाग
जुनं-नवीन पानाचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद दादा. एक विचारते, मिरचीचं पान खाली वळतं ते कोळी किडीमुळे पण होतं ना?

रोपवाटिका_नारायणगाव
होतं ना, बरं झालं विचारलंत. कोळी असेल तर पान उलट्या होडीसारखं खाली वळतं, देठ लांबतो आणि शेंड्याची पानं बारीक राहतात. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला वळतं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, फुलकिडे असतील तर कागदावर चालताना दिसतील, कोळी मात्र इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. पण कोळ्याने पानाचं टोक असं कुरकुरीत होत नाही.

वाघोलीकर_गच्ची
कागद धरून बघितला, काही नाही. सकाळी सगळ्या बॅगा धुतल्या. पहिल्या बॅगेतून निघालेलं पाणी चहासारखं तपकिरी होतं, मीटरवर २९०० आलं, शेवटी ९५० वर आणलं. दोन पिवळ्या शेंड्यांना लोह आत्ताच देऊ का?

मृदा_परीक्षक
नाही, आधी एक-दोन नवीन पानं येऊ द्या. ती हिरवी निघाली तर गरजच नाही. पिवळीच आली तर ईडीडीएचए पाकिटावरच्या मापाच्या निम्म्याने फक्त त्या दोन बॅगांना आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता. आणि १९:१९:१९ परत सुरू कराल तेव्हा स्वयंपाकाचा चमचा नको, वजनकाट्यावर मोजून लिटरला अर्धा ग्रॅम.